रिबन माइक घ्यायचाय? आधी गेनचं बघा

प्रश्न: नमस्कार दादा, सांगलीत घरीच १० बाय १२ च्या खोलीत छोटा सेटअप केलाय. बाबा पेटी वाजवतात, बायको भजनं-भावगीतं गाते, रेकॉर्डिंग-मिक्सिंग माझ्याकडे. रोडचा एनटी१-ए हा कंडेन्सर माइक आहे, इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) फोकसराइट स्कारलेट २आय२ थर्ड जेन. पेटी वरच्या सप्तकात गेली की कानाला टोचते, पट्ट्यांची खटखट पण येते. मित्र म्हणतो रिबन माइक घे, सगळं मऊ होईल. कुठला घेऊ?

उत्तर: मित्र खोटं नाही बोलत, पण अर्धंच सांगतोय. रिबन म्हणजे चुंबकाच्या दोन पोलांमध्ये सैलसर टांगलेली ॲल्युमिनियमची पट्टी, जाडी साधारण २ मायक्रॉन, म्हणजे पोळ्या गुंडाळायच्या फॉइलपेक्षा निदान पाच पट पातळ. ती हवेबरोबर हलते, आणि बऱ्याच कंडेन्सर माइकमध्ये वरच्या फ्रिक्वेन्सीला जो उठाव असतो तो हिच्यात नसतो, उलट तिथे आवाज हळूहळू उतरत जातो. पेटीला हे मानवतं, बाबांना नक्की आवडेल.

पण आता गेनचं बघा, म्हणजे माइकचा बारीक सिग्नल इंटरफेस किती मोठा करू शकतो ते. एकाच आवाजाला तुमचा एनटी१-ए २५ मिलिव्होल्ट देतो तिथे बायरडायनॅमिकचा एम १६० हा रिबन माइक देतो फक्त १, डेसिबलमध्ये हा फरक २८ चा झाला, आणि तुमच्या इंटरफेसचा सगळा गेन आहे ५६ डीबी. पेटी मोठ्याने वाजते म्हणून निभेल एकवेळ, पण वहिनी हळू गायला लागल्या की नॉब शेवटपर्यंत फिरवूनही लेव्हल खालीच राहणार आणि मग मिक्समध्ये उचलली की सोबत सूंऽऽ पण उचलला जाणार. त्यामुळे पॅसिव्ह, म्हणजे आत ॲम्प नसलेला रिबन घेणार असाल तर क्लाउडलिफ्टर किंवा फेटहेड यातला एखादा बूस्टर बजेटमध्ये आधीच धरा, २५-२७ डीबी मिळतात. नाहीतर रोड एनटीआर किंवा रॉयर आर-१२२ सारखा ॲक्टिव्ह रिबन, त्यात ॲम्प आतच असतो आणि तो फँटमवर, म्हणजे इंटरफेसमधून केबलनेच माइकला जाणाऱ्या ४८ व्होल्टवर चालतो.

दुसरं, खोली. बहुतेक रिबन फिगर-एट असतात, म्हणजे पुढून जेवढं ऐकतात तेवढंच मागूनही, आणि १० बाय १२ मध्ये मागे काय असतं तर भिंत. तिच्यावरून परत आलेला आवाज मिसळून पेटी डब्यात ठेवल्यासारखी येते, मग लोक माइकला नावं ठेवतात. माइकच्या मागे स्टँडवर जाड गोधडी टांगा, मी तर आजीची वाकळ वापरतो, फोमच्या पातळ तुकड्यांपेक्षा लाख पटीने बरी. फिगर-एटचा फायदाही आहे हां, डाव्या-उजव्या बाजूंनी तो जवळजवळ बहिरा असतो. बाबा आणि वहिनी एकत्र बसणार असतील तर माइकचं तोंड पेटीकडे आणि वहिनी बरोबर त्याच्या बगलेला, पेटीच्या ट्रॅकवर गाणं फारच कमी उतरतं.

तरी तुमच्या खोलीसाठी मला विचाराल तर एम १६०. १९५७ पासूनचं मॉडेल आहे, दोन रिबन असतात आणि हायपरकार्डिऑइड, म्हणजे मागचं बरंच कमी घेतो. महाग आहे, इंटरफेसच्या कितीतरी पट. बजेट नसेल तर एमएक्सएल आर१४४ ने सुरुवात करा. आणि खरं सांगू का, काहीच विकत घ्यायच्या आधी एनटी१-ए पेटीपासून अडीच फूट लांब नेऊन, जरा वर धरून, मागे गोधडी लावून एक टेक घेऊन बघा. पट्ट्यांच्या डोक्यावर माइक ठेवला तर खटखट येणारच ना.

प्रश्न: फँटम चालू राहिलं तर रिबन जळते का? – एक वाचक, पुणे

उत्तर: केबल नीट असेल तर सहसा काही होत नाही, कारण ४८ व्होल्ट दोन्ही तारांवर सारखेच असतात. केबल आत शॉर्ट असेल किंवा फँटम चालू असताना पॅचबेमध्ये (केबली जोडायच्या पाटीत) जॅक घुसवला तर मात्र क्षणभर एकाच तारेवर येतात आणि रिबन ताणली जाते. ॲक्टिव्ह रिबनला फँटम लागतंच, तो वेगळा विषय.

माझी रिबन तर फँटमने गेलीच नाही. एक तबलजी मित्र आला, आपल्याकडे मांडवात माइक दिसला की हॅलो-हॅलोच्या आधी फू करायची सवय, त्याने जाळीला तोंड लावून जोरात दोन फुंकरा मारल्या. आवाज ओल्या टॉवेलमधून आल्यासारखा झाला, रिबन बदलावी लागली. तेव्हापासून गायकासमोर पॉप फिल्टर आणि किमान फूटभर अंतर, काम झालं की माइक उभाच ठेवायचा, आडवा ठेवला तर रिबन लोंबते. कव्हर पण हळू काढा, झटक्यात ओढलं तर तीसुद्धा फुंकरच.