‘एक माउली भेटले’ की ‘भेटली’?

यावल तालुक्यातल्या एका वाचकांचा प्रश्न आहे. मुक्ताईच्या पालखीबरोबर चालल्यावर त्यांनी गावच्या अंकासाठी लिहिलं, ‘जालन्याच्या अलीकडे पावसानं गाठलं. एक माउली भेटले. त्यांनी आपली पोत्याची खोळ मला दिली.’ अंकात ‘एक माऊली भेटली, तिने’ असं छापून आलं. मुळात भेटले ते मिशीवाले आजोबा! चूक कोणाची?

तुमची नाही. ‘माउली’ हे नाम स्त्रीलिंगी, हे मुद्रितशोधकाचं म्हणणं खरं. एक माउली, दोन माउल्या. पण दिंडीत हा शब्द नुसता नाम म्हणून वावरत नाही. ‘महाराज’ किंवा ‘गुरुजी’सारखी ती मानाची हाक होते, आणि मग क्रियापद समोरच्या माणसाकडे बघून चालतं. ‘एक’च्या पुढे ‘भेटले’ खटकत असेल तर ‘एक गृहस्थ भेटले’ म्हणून पाहा. ‘व्यक्ती’ची गोष्ट वेगळी. ती पुरुष असली तरी ‘ती व्यक्ती आली’च, कारण ‘अहो व्यक्ती, जरा सरका’ असं कोणी कोणाला म्हणत नाही.

खरी मेख विभक्तीत आहे. ‘माउल्यांनी’ आणि ‘माउलींनी’ यांत फरक आहे. पहिलं अनेकींसाठी, दुसरं एकाच माणसासाठी, पण आदरानं. ‘आज्यांना विचारा’ आणि ‘आजींना विचारा’ म्हणताना आपण हा भेद न चुकता पाळतो. म्हणून आळंदीहून निघते ती ‘माउलींची पालखी’; ‘माउल्यांची’ म्हटलं तर ज्ञानेश्वर अनेक होतील. तुमच्या आजोबांबद्दल ‘एका माउलींनी खोळ दिली’ असं लिहा. बाई असत्या तर ‘एका माउलीने’ आणि ‘एका माउलींनी’ दोन्ही चाललं असतं, पहिल्यात माया जास्त. गंमत म्हणजे आपल्याकडे कोथळीहून निघते ती बहुतेकांच्या तोंडी ‘मुक्ताईची’ पालखी, ‘मुक्ताईंची’ नव्हे. भाऊ आदरार्थी, धाकटी बहीण एकेरी. तिथे एकेरीतच जिव्हाळा आहे, तो छापतानाही पुसू नये.

आता ‘भेटणे’. ‘मला माउली भेटले’ म्हणजे वाटेत अवचित गाठ पडली. ‘मी माउलींना भेटलो’ म्हणजे ठरवून गेलो. पावसात आडोसा शोधताना भेटलेल्या माणसासाठी पहिलंच हवं. पण पहिल्या रचनेत क्रियापद भेटलेल्या माणसाप्रमाणे बदलतं आणि लिंगाचा घोळ उपटतो. धुळ्याकडे ‘माले भेटना का भेटनी’ हाच पेच. अगदीच वाद नको असेल तर ‘एका माउलींची गाठ पडली’ लिहावं. क्रियापद ‘गाठ’ या शब्दाप्रमाणे चालतं आणि मिशीचा प्रश्न उरत नाही. पुढे मात्र ‘त्यांनी’च ठेवा. नाहीतर ‘गाठ पडली, तिने खोळ दिली’ असा नवाच विनोद व्हायचा.

लेखनाबद्दल मुद्रितशोधकाला एक परतफेड: त्यानं केलेलं ‘माऊली’ नियमात बसत नाही. शब्दाचं शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातला, इकार-उकार ऱ्हस्व: बाहुली, पाहुणा, तशी माउली. ‘पाऊस’मध्ये शेवटी अकार आहे, म्हणून तिथे ऊ दीर्घ. पाट्यांवर ‘माऊली’च जास्त दिसतं, पाट्या कोण दुरुस्त करणार?

प्रश्नाच्या शेपटात तुम्ही लिहिलंय की ‘खोळ’खाली रेघ मारून कोणी ‘उशीची?’ असं विचारलं. शब्द तोच, वस्तू वेगळी. पोत्याचा तळाचा एक कोपरा आत ढकलून दुसऱ्या कोपऱ्यात बसवला की टोपरं तयार होतं. ते डोक्यावर, बाकीचं पोतं पाठीवर. घोंगडीचीही करतात. आता वाटेत प्लॅस्टिकचे कागदच जास्त, त्यामुळे शहरी वाचकाला खोळ म्हटलं की अभ्राच आठवतो. ‘पोत्याची’ हे विशेषण तुम्ही दिलं होतंत, तेवढं पुरेसं होतं.