दिवाळीत व्हिएतनामला निघालीस, त्याआधी

अगं, आठ दिवसांत अख्खा देश कोंबू नकोस. हनोई ते हो ची मिन्ह सिटी रेल्वेने १,७०० किलोमीटरहून जास्त आहे. सकाळी गंगापूर धरण, दुपारी त्र्यंबकेश्वर असं नाही जमत तिथे. त्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरला मधल्या पट्ट्यात, होई आन, ह्युएकडे, धो धो पाऊस, कधी पूरही. हनोईची हवा मात्र तेव्हा छान. पहिल्यांदा जातेस तर फक्त उत्तर कर : हनोई, निन्ह बिन्ह, हा लाँगची खाडी.

ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरूनच काढ, एकदा प्रवेशाचे २५ डॉलर. हुबेहूब दिसणारी दलालांची पानं पुष्कळ आहेत. पासपोर्टवर वडिलांचं नाव तुझ्या नावाला जोडून असेल, तर अर्जावर, तिकिटावर तसंच हवं. माझं राहिलं होतं. काउंटरवर घाम फुटला.

शाकाहारी आहेस ना? मग ‘चाय’ शब्द पाठ कर. चहा नव्हे, तिकडे शाकाहारी जेवणाला म्हणतात! नुसती भाजी मागितलीस तर त्यात माशाचा सॉस असू शकतो.

आणि विमान रात्रीचं असलं तरी नाशिकहून दुपारीच नीघ. कसारा घाटात एखादा ट्रक बंद पडला की संपलंच.