परदेशात भाषा शिकताना सर्दी-ताप आला किंवा पोट बिघडलं, तर लगेच डॉक्टरकडे जावं का?

लगेच गरज नाही. ही दुखणी बहुधा विषाणूंमुळे होतात आणि विश्रांतीने आपोआप ओसरतात. जुलाब होत असतील तर १ लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट प्या. औषधाच्या दुकानात ब्रँड सांगू नका, घटकाचं नाव कागदावर लिहून दाखवा: पॅरासिटामॉल अमेरिकेत असिटामिनोफेन म्हणून मिळतं. सर्दीच्या गोळ्यांतही ते बरेचदा असतं, म्हणून दोन्ही एकदम घेऊ नका. आणि वर्ग खुशाल बुडवा, तापलेल्या डोक्यात क्रियापदं शिरत नाहीत. मात्र ताप ३ दिवसांपेक्षा जास्त टिकला, धाप लागली किंवा मान आखडली, तर थेट डॉक्टर गाठा.