मुदत संपली, दाखला नाही: वाचकांचे प्रश्न

दाखले आणि अर्ज अडकल्याच्या तक्रारींतून निवडलेले हे प्रश्न. बहुतेक उत्तरांचा आधार 'महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५' हा आहे. खाली त्याला नुसतं 'हक्काचा कायदा' म्हटलं आहे.

मुलाच्या प्रवेशासाठी उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज सेवा केंद्रात देऊन महिना होत आला. केंद्रचालक म्हणतो तहसीलमध्ये अडकलाय, तहसीलमध्ये म्हणतात आमच्याकडे आलाच नाही. कुणाला धरायचं?
वाचक, परभणी

आधी तुमच्या हातात नेमकं काय आहे ते बघा. केंद्राची हाताने लिहिलेली चिठ्ठी असेल तर तहसीलवाले खरं बोलत असण्याचीच शक्यता जास्त. निकालांच्या हंगामात केंद्रांवर कागद आणि पैसे घेऊन ठेवतात आणि अर्ज सवडीने भरतात. उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे, पण ती चिठ्ठीच्या तारखेपासून मोजत नाहीत. आवश्यक कागदांसह अर्ज दाखल झाला की मोजणी सुरू होते. म्हणून छापील पोचपावती मागा. तिच्यावर अर्जाचा क्रमांक आणि दाखल झाल्याची तारीख असते, आणि सेवा किती दिवसांत द्यायची तेही अर्जदाराला कळवायचं असतं. असा क्रमांकच नसेल तर अर्ज भरला गेलेला नाही, असं समजून आजच भरून घ्या.

क्रमांक असेल तर 'आपले सरकार' संकेतस्थळावर तो टाकून स्थिती पाहा. शुल्क भरायचं राहिलं असेल तर अर्ज तिथेच थांबतो आणि कार्यालयाला दिसतही नाही. शुल्क भरलेलं असेल आणि अर्ज कार्यालयाकडे पोचलेला दिसत असेल, तर जबाबदारी तहसीलची.

आणखी एक अडचण नेहमीची. पगारदाराला फॉर्म १६ किंवा आयकर विवरणपत्र जोडता येतं. शेतकरी, मजूर, छोटे दुकानदार यांना मात्र बहुधा तलाठ्याचा अहवाल लागतो (हे पद आता 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणून ओळखलं जातं). तो अहवाल अर्ज भरण्याआधीच हातात घ्या. नंतर देतो म्हटलंत की अर्ज अपुरा ठरतो आणि १५ दिवसांचा हिशेब कोलमडतो. दाखल्यासाठी कुणी प्रतिज्ञापत्र मागितलं तर ९ मार्च २०१५ चा शासन निर्णय दाखवा: कायद्यानेच प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलेलं नसेल तिथे साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र आणि स्वसाक्षांकित प्रती चालतात.

माझा अधिवास दाखल्याचा अर्ज 'कागदपत्रे अपूर्ण' एवढाच शेरा मारून फेटाळला. सगळे कागद जोडले होते. कारकून म्हणतात नवा अर्ज करा, लवकर होईल. करू का?
वाचक, पंढरपूर

कागद खरोखर राहिला असेल तर करा, अपिलात वेळ घालवू नका. पण सगळं जोडलेलं असेल तर नव्या अर्जाने तुमचंच नुकसान होतं. जुना अर्ज 'निकाली' होतो, झालेला उशीर कागदावरून पुसला जातो आणि १५ दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. कार्यालयाचा तक्ता मात्र स्वच्छ दिसतो. सगळे अर्ज मुदतीत निकाली!

हक्काच्या कायद्यानुसार अर्ज नाकारायचा तर कारणं लेखी द्यावी लागतात. कोणता कागद नाही हे न सांगणारा शेरा म्हणजे कारण नव्हे. अपिलात हाच मुद्दा पहिला घ्या.

पहिलं अपील त्याच विभागातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जातं. नकार मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून ३० दिवसांत ते करायचं. सबळ कारण असेल तर ९० दिवसांपर्यंतचं अपील स्वीकारता येतं. त्याचा निकाल ३० दिवसांत लागला पाहिजे. निकाल पटला नाही तर ३० दिवसांत दुसरं अपील. पहिल्या अपिलावर ४५ दिवसांत काहीच कळवलं नाही तरीही दुसऱ्याची वाट मोकळी होते, आणि ते निकाली काढायला ४५ दिवस असतात. त्यानंतर ६० दिवसांच्या आत राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरं अपील. आयोगाला ९० दिवसांची मुदत आहे. मुंबई शहर आणि उपनगर या दोन जिल्ह्यांचं काम मुख्य आयुक्तांकडे, बाकीच्यांचं आपापल्या महसूल विभागाच्या आयुक्तांकडे. तुमचं पुणे विभागात.

अपील त्याच संकेतस्थळावरून, अर्जाच्या क्रमांकावर करता येतं. मजकूर पानभर नको. अर्जाचा क्रमांक आणि तारीख, मुदत कधी संपली, जोडलेल्या कागदांची यादी, नकाराच्या शेऱ्याची प्रत आणि शेवटी मागणी: 'सेवा अमुक दिवसांत द्यावी व पदनिर्देशित अधिकाऱ्यावर (म्हणजे ती सेवा देण्याची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्यावर) कलम १० नुसार कारवाई करावी.' अधिकाऱ्याच्या स्वभावाबद्दल, लाच मागितल्याबद्दल इथे लिहू नका. लाचेची तक्रार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे स्वतंत्र करायची असते. दोन्ही एकत्र केलं की दोन्ही पातळ होतात.

अधिकाऱ्याला दंड झाला तर ती रक्कम अर्जदाराला मिळते का? इतर राज्यांत मिळते असं वाचलं.
वाचक, ठाणे

महाराष्ट्रात नाही. दंड ५०० ते ५,००० रुपये, तो अधिकाऱ्याच्या पगारातून वसूल होतो. पहिलं अपील ऐकणारा अधिकारी वारंवार निकाल लांबवत असेल किंवा हाताखालच्याला पाठीशी घालत असेल तर आयोग त्यालाही दंड करू शकतो. ही तरतूद चांगली आहे, वापरली पाहिजे.

असा कायदा पहिल्यांदा मध्य प्रदेशाने २०१० मध्ये केला. तिथे दंडाच्या रकमेतून अर्जदाराला भरपाई देण्याची सोय आहे. कर्नाटकाच्या 'सकाल' योजनेत उशिराच्या प्रत्येक दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये मिळतात. रक्कम किरकोळ आहे, पण तिच्यामुळे अर्जदाराला भांडायला कारण मिळतं. आमच्या मते घेण्यासारखी गोष्ट हरियाणाची. तिथे २०२१ पासून मुदत उलटली की संगणकच अर्ज अपिलात वर पाठवतो, अर्जदाराने काही करावं लागत नाही. आपल्याकडे मुदत कधी संपली हे लक्षात ठेवायचं ते अर्जदारानेच, आणि नेमका ज्याला दाखल्याची सर्वांत जास्त निकड असते तो अपिलाच्या वाटेला जात नाही. त्याला दाखला हवा असतो, वैर नको असतं.

मी ग्रामपंचायत अधिकारी आहे, दोन गावं माझ्याकडे. सर्व्हर आठवड्यातून दोनदा बंद, वर निवडणुकीचं काम. तरी मुदत चुकली की दंड माझ्यावरच. आमच्या बाजूने कुणी लिहील का?
वाचक, नाशिक जिल्हा

लिहिलंच पाहिजे. दंड आपोआप बसत नाही. पुरेसं आणि वाजवी कारण नसताना सेवा दिली नाही तरच तो होतो आणि त्याआधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. ते म्हणणं तोंडी टिकत नाही. सर्व्हर बंद पडला की पडद्याचं वेळेसह चित्र घ्या आणि त्याच दिवशी गटविकास अधिकाऱ्यांना ईमेल करा. महिनाभराने 'त्या काळात सर्व्हर नव्हता' म्हटलेलं कुणी मानत नाही. निवडणुकीचं म्हणाल तर कायद्यात मुदतवाढीची सोय आहे, नैसर्गिक आपत्तीसाठीही आहे, पण ती शासनाने अधिसूचना काढून द्यायची असते. दारावर पाटी लावून मुदत वाढत नाही.

आता कामाच्या पद्धतीबद्दल. त्रुटी एकदाच काढा, आणि सगळ्या एकत्र. सोमवारी रेशनकार्ड मागायचं, गुरुवारी घरपट्टीची पावती, यात अर्जदाराचे हेलपाटे होतात आणि तुमच्या टेबलावर तोच कागद तीनदा येतो. कागदांची यादी अर्ज घेतानाच टिकमार्क करून तपासली तर निम्म्या त्रुटी तिथेच संपतात. कागद कमी असेल तर तेव्हाच लेखी सांगा.

टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत लावायची सहा गठ्ठा पद्धत तुम्हाला प्रशिक्षणात शिकवली असेल: हातातली प्रकरणं, प्रतीक्षाधीन (दुसऱ्याच्या उत्तरासाठी थांबलेली), नियतकालिकं (ठरावीक काळाने पाठवायचे अहवाल), स्थायी आदेश संचिका, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची कागदपत्रं. पद्धत बिघडते ती दुसऱ्या गठ्ठ्यात. 'अहवाल मागवला' असं लिहून प्रकरण प्रतीक्षाधीनमध्ये टाकलं की ते कुणाच्याच हातात राहत नाही. त्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक कागदावर स्मरणपत्राची पुढची तारीख लिहा आणि आठवड्यातला एक ठरावीक दिवस फक्त त्यालाच द्या.

गोषवाराही बदला. 'प्रलंबित ४०' या आकड्याला अर्थ नाही. मुदत संपायला तीन दिवस उरलेले किती, संपलेले किती, असा अर्जाच्या वयाप्रमाणे तक्ता करा आणि सर्वांत जुन्यापासून सुरुवात करा. सोपे अर्ज आधी उरकले की आकडा सुंदर दिसतो आणि अवघड अर्ज तळाशी कुजतात. १९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कार्यालयाची बैठक व्यवस्था आणि अभिलेख नव्याने लावले, तो लखीना पॅटर्न. पुढे पुणे विभागात आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी 'झिरो पेंडन्सी', म्हणजे काहीच प्रलंबित न ठेवण्याची मोहीम, राबवली. दोन्हींत आधी जुने अभिलेख लावून घेतले, मग रोजची निर्गती, म्हणजे प्रकरणं निकाली काढणं. कपाटं तशीच ठेवून नुसता निर्गतीचा आग्रह धरला तर कर्मचारी सापडत नसलेल्या कागदाऐवजी अर्जच फेटाळतात. म्हणून तुमच्या वरिष्ठांनी मुदतीतल्या निर्गतीबरोबर फेटाळलेल्या अर्जांचं प्रमाणही पाहायला हवं. मुदतीच्या शेवटच्या दिवशी नकार वाढलेले दिसले तर रोग कुठे आहे ते कळतं.

गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराबद्दल नगरपालिकेला तीन पत्रं दिली. उत्तर नाही. हक्काच्या कायद्याखाली अपील होईल का?
वाचक, इचलकरंजी

तो कायदा फक्त अधिसूचित, म्हणजे अधिकृतपणे यादीत जाहीर केलेल्या, सेवांना लागू होतो, तेव्हा आधी तुमच्या शहराच्या संस्थेची यादी पाहा (इचलकरंजीत आता महानगरपालिका आहे). गटारसफाई त्या यादीत नसेल तर सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचा आणि दफ्तर दिरंगाईचा (कामातल्या उशिराचा) २००५ चा कायदा उपयोगी पडतो. त्याच्या कलम १० प्रमाणे साधी फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांहून जास्त राहू नये. मुद्दामहून किंवा सवयीने उशीर करणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.

पण फाइल कुणाकडे होती हे कळल्याशिवाय तो कायदा लावणार कुणावर? ते माहिती अधिकारातून काढा. दहा रुपये शुल्क, अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत. 'गटार का साफ केलं नाही?' असं विचारू नका, 'का'ची उत्तरं देणं माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. तुमच्या पत्रांचे आवक क्रमांक आणि तारखा देऊन मागा: पत्र कोणत्या तारखेला कोणत्या कर्मचाऱ्याकडे गेलं, प्रत्येकाकडे किती दिवस राहिलं, त्यावरील टिपणीची प्रत, आणि त्या प्रभागातल्या गटारसफाईच्या ठेक्याच्या कार्यादेशाची व गेल्या तीन महिन्यांच्या देयकांची प्रत. ३० दिवसांत माहिती मिळायला हवी. शेवटच्या मागणीमुळे बरेचदा माहितीच्या आधी माणसं गटारावर येतात, कारण सफाई झाल्याचं दाखवून देयक निघालेलं असलं तर ते कुणालाच कागदावर द्यायचं नसतं. गटार साफ झालं तरी अर्ज मागे घेऊ नका.