नाईटच्या सिस्टरचे पेढे

(वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत आहेत सरकारी रुग्णालयात 34 वर्षं नोकरी करून परिसेविका (वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर) म्हणून निवृत्त झालेल्या आमच्या सिस्टर.)

प्रश्न : माझ्या सासूबाई (वय 78) खुब्याचं हाड मोडल्यामुळे 19 दिवस सरकारी दवाखान्यात होत्या. रात्रपाळीच्या एका सिस्टरने त्यांचं फार केलं. रात्रीतून सारखं उठवून कुशीवर करायच्या, म्हणून सासूबाई आधी कुरकुरायच्याही. पुढे त्या जेवेनाशाच झाल्या. आम्हाला वाटलं, दुखण्यामुळे. या सिस्टरनी पहिल्यांदा विचारलं, "आजींची कवळी कुठंय?" ऑपरेशनच्या वेळी काढलेली कवळी माझ्याच पर्समध्ये रुमालात गुंडाळलेली! डिस्चार्जच्या आदल्या रात्री मी त्यांना पाकिटातून 2000 रुपये देऊ लागले, तर त्यांनी हात मागे घेतला आणि चेहराही उतरला. दुसऱ्या दिवशी निघताना वॉर्डात पेढे दिले, पण मला चुकल्यासारखं वाटतंय. अमेरिकेतली माझी भाची म्हणते, तिकडे 'डेझी' नावाचा पुरस्कार असतो, पेशंटच नर्सचं नाव सुचवतात. आपल्याकडे असं काही आहे का? मी काय करू? – वि. दे., सांगली

उत्तर : ताई, पाकीट परत आलं ते बरं झालं. सरकारी नोकराला पैसे घेता येत नाहीत, हा झाला नियम. पण शेजारच्या कॉटवरची म्हातारी बघत असते ना! तिच्या मुलाकडे दोन हजार नसतात. उद्या रात्री तिने हाक मारली आणि सिस्टरला यायला पाच मिनिटं लागली, तर तिच्या मनात काय येईल? तुमचं पाकीट बघताक्षणी त्या सिस्टरच्या डोळ्यांपुढे तेच आलं असणार. चेहरा उतरला तो त्यामुळे, तुमच्यावरच्या रागाने नव्हे.

आणि पेढ्यांचं म्हणाल, तर तेही तिला मिळालेले नाहीत! डिस्चार्ज होतो दिवसा. बॉक्स सकाळच्या ड्यूटीच्या टेबलावर येतो, दोन वाजता दुपारपाळीच्या मुली येऊन उरलेले संपवतात. रात्री आठला नाईटची सिस्टर येते तेव्हा रिकाम्या बॉक्समध्ये कुणीतरी चिकटपट्टीचे रोल भरून ठेवलेले असतात. मी कित्येक वर्षं नाईट केल्या, पण पेढा खाल्ल्याचं आठवत नाही.

तुमच्या भाचीने सांगितलेलं खरं आहे. पॅट्रिक बार्न्स नावाचा 33 वर्षांचा माणूस 1999 मध्ये रक्ताच्या एका आजाराने वारला. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच शरीरावर उलटते, त्यातला हा आजार. त्याच्या घरच्यांना नर्सेसनी केलेलं विसरता येईना, म्हणून त्यांनी हा पुरस्कार सुरू केला. तो आता अमेरिकेबाहेरही अनेक देशांत पोचलाय. त्यातली मला आवडलेली गोष्ट खाण्याची आहे. आजारपणात पॅट्रिकचं अन्न तुटलं होतं. वडिलांनी आणलेला दालचिनीचा गोड रोल मात्र त्याने आवडीने खाल्ला, आणि उद्या येताना नर्सेससाठीही आणा म्हणाला. म्हणून हा पुरस्कार देताना आजही दालचिनीचे रोल वाटतात. तुमच्या कवळीच्या गोष्टीशी जवळचं नातं आहे बघा. जेवेना झालेला माणूस पुन्हा खायला लागला, हे घरच्यांना जन्मभर आठवतं.

आपल्याकडे राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार 1973 पासून आहे. तो राष्ट्रपतींच्या हस्ते मिळतो, आणि खेड्यात लसीकरण करत फिरणाऱ्या एएनएमलाही (साहाय्यक परिचारिकेलाही) मिळू शकतो, हे मला फार बरं वाटतं. पण देशभरातून नावं मोजकीच, आणि तीही खात्याच्या वाटेने वर जातात. 12 मेला परिचारिका दिनाच्या मेणबत्त्या लागतात, भाषणं होतात, आणि आम्ही केक कापून पुन्हा वॉर्डात जातो.

तेव्हा तुम्ही पत्र लिहा. रुग्णालयाच्या अधिसेविकांच्या (म्हणजे मेट्रनच्या) नावे लिहा आणि एक प्रत वैद्यकीय अधीक्षकांना द्या. वॉर्ड, तारीख, पाळी आणि सिस्टरचं नाव घाला. नाव माहीत नसेल तर तारीख आणि पाळी पुरे, ड्यूटी रजिस्टरवरून नाव निघतं. 'अत्यंत सेवाभावी व प्रेमळ' असलं काही लिहू नका. तसली पत्रं मी वाचलीत, कुणाचंही नाव घातलं तरी चालतात. कवळी लिहा. पर्स, रुमाल, सगळं लिहा. आवकचा शिक्का मारून घ्या, नाहीतर पत्र टेबलाच्या काचेखाली राहतं. एक विनंतीही करा, की हे पत्र सिस्टरच्या वैयक्तिक फाइलला लावावं.

आणि ती कुरकुरसुद्धा लिहा. एकाच अंगावर पडून राहिलं की माकडहाड, टाच, खुबा अशा ठिकाणी कातडी हाड आणि गादीच्या मध्ये चेपते, तिथलं रक्त थांबतं. आधी लाल डाग पडतो, मग फोड येतो, मग जखम होते, आणि ती थेट हाडापर्यंत जाऊ शकते. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. खुब्याच्या पेशंटच्या दोन पायांत उशी ठेवून, दोघींनी मिळून, एका दमात. चादरीला सुरकुती नको, ओल तर नकोच. रात्री दोनला झोपलेल्या म्हातारीला हे करणं म्हणजे शिव्या खाणं. आणि नीट केलं तर दिसायला काही उरतच नाही. न झालेली जखम कोण बघतं?

एकदा मात्र बघितली गेली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानबाग 1973 च्या हल्ल्यानंतर 2015 मध्ये जाईपर्यंत जवळजवळ 42 वर्षं तिथेच अंथरुणावर होत्या. सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या निकालात मुद्दाम नोंदवलं, की इतक्या वर्षांत त्यांना एकही बेडसोर, म्हणजे अशी जखम, झालेला नाही. शेवटी शेवटी त्यांना सांभाळणाऱ्या कितीतरी मुली हल्ल्याच्या वेळी जन्मल्याही नव्हत्या. आमच्या व्यवसायाला एवढं मोठं प्रशस्तिपत्रक दुसरं मिळालेलं मला तरी माहीत नाही.

माझीही एक कबुली आहे. इनचार्ज असताना मी दहा मिनिटं उशिराच्या मेमोवर सह्या केल्या, हिशेबात थर्मामीटर कमी भरले म्हणून खुलासे मागवले. ते सगळे कागद त्या मुलींच्या फाइलला आहेत. माझ्या वॉर्डात एक मुलगी होती. आंधळ्या आजोबांना इंजेक्शन देण्याआधी ती स्वतःचा हात त्यांच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "मी आहे, आता टोचणार." रोज न चुकता. मी तिला तोंडाने 'शाब्बास' म्हणाले असेन, पण कागदावर एक ओळ लिहिली नाही. बदलीच्या वेळी तिची फाइल माझ्या हातात आली, तर त्यात रजेचे अर्ज आणि माझाच एक मेमो.

प्रश्न : आमच्या वॉर्डात पुरुष नर्स होते. त्यांना हाक कशी मारायची ते कळेना, म्हणून सगळे 'ओ दादा' म्हणत आणि वॉर्डबॉयच वळून बघे. – एक वाचक, परभणी

उत्तर : 'ब्रदर' म्हणा. वॉर्डात आम्हीही तेच म्हणतो. पत्र लिहायचं झालं तर मात्र 'ब्रदर' पुरणार नाही, एका पाळीत दोन-दोन ब्रदर असतात. नाव छातीवरच्या पट्टीवर असतं, चष्मा लावून वाचा.