थाळी तुम्ही आणलीत, वही त्याची आहे

प्रश्न : ताई, आम्ही हुडकेश्वर रोडला राहतो. मुलगा बारावी सायन्सला आहे. आठव्या वर्षी त्याला जीबीएस, म्हणजे हातापायांची ताकद घालवणारा नसांचा आजार झाला, तेव्हापासून पाय कमजोर आहेत. कॅलिपर लावून, कुबडी घेऊन चालतो. दिव्यांग प्रमाणपत्र ६२ टक्क्यांचं आहे. थाळीफेकीत दोनदा पॅरालिम्पिक रौप्य जिंकलेल्या योगेश कथुनियालाही लहानपणी हाच आजार झाला होता, म्हणजे आमचाही त्याच्याच एफ-५६ गटात, म्हणजे खुर्चीत बसून फेकणाऱ्यांत येणार. यंदा बारावीची परीक्षा न देता त्याला पूर्णवेळ थाळीफेकीला लावायचं ठरवलं आहे. २०२८ ला पदक आलं की क्लास वनची नोकरी पक्की. वर्षभर मीच सराव घेतो. सीताबर्डीहून दोन किलोची थाळी आणली. खांदा दुखतो म्हणतो, पण मोठ्या माणसांची थाळी तीच असते. एका ओळखीच्यांनी सांगितलं की तपासणीच्या वेळी पाय ढिले सोडले तर खालचा, म्हणजे जास्त कमजोर खेळाडूंचा गट मिळतो. हे खरं का? अकादमी कोणती लावावी? सोबत त्याच्या वहीतल्या एका पानाचा फोटो जोडतो, त्यावरून त्याची तळमळ कळेल.
– एक वडील, नागपूर

उत्तर :

भाऊ, पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरं सांगते, बरं वाटलं. माझ्याकडे उलटी पत्रं येतात. पोराच्या डोक्यातलं खेळाचं खूळ काढा, नीटला बसवा, असली. इथे बाप स्वतः मैदानात उभा राहून पोराला खेळवतोय. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा शोधत बसले की या पत्रात मुलगा कुठे आहे. तो एकाच ठिकाणी बोलतो, ‘खांदा दुखतो’. आणि त्यावरही तुमचं उत्तर तयार आहे.

‘ठरवलं आहे’ असं तुम्ही लिहिलंय. कोणी ठरवलं? त्याला थाळी आवडते का, त्याला पूर्णवेळ हेच करायचंय का, बारावी सोडायला तो तयार आहे का, यातलं काही पत्रात नाही. नीटवाल्या बापांशी तुमचं भांडण असेल, पण घरातली रीत तीच आहे. पुस्तकाच्या जागी थाळी आली, एवढाच काय तो फरक.

पाय ढिले सोडायचं आधी घेते, कारण त्या ओळीनं मला रात्री झोप लागू दिली नाही. खरं आहे का, असं तुम्ही विचारता. तपासणारे दोघे असतात. आधी वैद्यकीय कागद बघतात, मग टेबलावर झोपवून एकेका स्नायूची ताकद शून्य ते पाचात मोजतात, मग फेकायला लावतात आणि त्यानंतर प्रत्यक्ष स्पर्धेतही बघतात. टेबलावर ढिला पडलेला पाय फेकताना खुर्चीवर रेटा देताना दिसला, की संपलं. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये आपल्याच विनोद कुमार यांनी एफ-५२ या खालच्या गटात १९.९१ मीटर थाळी फेकून कांस्य मिळवलं होतं. गटाबद्दल हरकत आली, फेरतपासणीत त्यांना गटच देता आला नाही आणि पदक गेलं. पुढे तपासणीत क्षमता मुद्दाम चुकीची दाखवली या कारणावरून दोन वर्षांची बंदी आली. हे नियमांचं झालं. पण मला काळजी वेगळीच आहे. आठव्या वर्षापासून ज्या पोरानं पायात जोर यावा म्हणून व्यायाम केले, त्याला बापानंच सांगायचं की जोर लपव? त्या ओळखीच्या गृहस्थांचा नंबर आजच डिलीट करा.

आता ६२ टक्के. हा गैरसमज इतका पसरलाय की जरा सविस्तर सांगते. दिव्यांग प्रमाणपत्रावरचा टक्का सरकारी सवलतींसाठी असतो. ४० किंवा त्याहून जास्त असला की आरक्षण, शिष्यवृत्ती वगैरे. खेळातला गट त्या टक्क्यावरून ठरत नाही आणि आजाराच्या नावावरूनही ठरत नाही. एकाच आजाराच्या दोन मुलांना दोन वेगळे गट मिळू शकतात, कारण मोजायचं असतं ते आज कंबरेत, मांडीत, घोट्यात किती बळ उरलंय ते. जीबीएसमध्ये तर काही वर्षं सुधारणा होत राहू शकते आणि पॅरा खेळात कमजोरी कायमची असावी लागते. तुमचा मुलगा एफ-५६ मध्ये येईल, एफ-५७ मध्ये येईल, की कशातच येणार नाही, हे मी सांगू शकत नाही आणि तुम्हीही नाही. याचा परिणाम किती मोठा आहे बघा : टोकियो आणि पॅरिस, दोन्हीकडे पुरुषांची थाळीफेक पाचच गटांत होती, एफ-११, ३७, ५२, ५६ आणि ६४. एफ-५७ मिळाला तर तिथे थाळी नाहीच, गोळा किंवा भाला घ्यावा लागेल. म्हणजे ज्या खेळासाठी बारावी सोडायची, तो खेळच त्याच्या वाट्याला येईल की नाही ते ठाऊक नाही.

बसून फेकणाऱ्या पुरुषांची थाळी एक किलोची असते, भाऊ. एक! दोन किलोची थाळी उभ्यानं, गिरकी घेऊन फेकणाऱ्या धडधाकट पुरुषांची. त्याच्या वयाच्या धडधाकट मुलांनासुद्धा दीड किलोची देतात. तुमचा मुलगा वर्षभर बसल्या जागी नुसत्या खांद्याच्या जोरावर दुप्पट वजन फेकतोय आणि दुखतं म्हणतो तर त्याला गप्प करताय. उद्यापासून सराव बंद. आधी मेडिकल कॉलेजच्या ऑर्थो ओपीडीत खांदा दाखवा.

योगेशचं उदाहरण तुम्ही अर्धंच वाचलंय. नवव्या वर्षी आजार झाला, आई फिजिओथेरपी शिकली, पोराला पुन्हा चालतं केलं, इथपर्यंत बरोबर. पण थाळी त्याच्या हातात आली ती दिल्लीला किरोडीमल कॉलेजात गेल्यावर. शाळा सोडून नव्हे. आणि टोकियोत ४४.३८, पॅरिसमध्ये ४२.२२ मीटर फेकूनही त्याला दोन्ही वेळा ज्यानं मागे टाकलं, तो ब्राझीलचा क्लॉडिनी बतिस्ता पॅरिसमध्ये ४५ वर्षांचा होता. या खेळात सतराव्या वर्षी कुणाची गाडी सुटत नाही. पदक आलं तर नोकरी, हे ठीक, पण ‘आलं तर’वर बारावीचा फॉर्म सोडू नका.

आता वहीचं पान. तळमळ दाखवायला तुम्ही ते पाठवलंत, पण त्यात मला जे दिसलं ते तुम्हाला दिसलेलं नाही. थाळी फेकणारा माणूस त्या पानावर नाहीच! आहे ती फेकायची खुर्ची, समोरून आणि बाजूनं, दोन्हीकडून मापांसह. उंचीपाशी ‘७५ सें.मी.’ आणि खाली दोन रेघा मारून ‘गादी धरून’. नियम अगदी हाच आहे, गादीसकट पंचाहत्तर. भले भले गादी मोजायला विसरतात आणि मैदानावर खुर्ची नापास होते. रिकाम्या हातानं धरायचा दांडा, मांडीचे पट्टे, जमिनीला खुर्ची बांधायच्या कड्या, सगळं आहे. कोपऱ्यात पाइपचा हिशेबही मांडलाय, किती फूट आणि वेल्डिंगचे किती. हे कोणी शिकवलं त्याला? तुम्ही तर दोन किलोची थाळी आणलीत.

हे पोरगं मला इंजिनिअर दिसतंय. चुकतही असेन, त्याच्याशी बोलल्याशिवाय ठाम म्हणणार नाही. पण अकादमीचा पत्ता आत्ता देत नाही. बारावी द्या, एमएचटी-सीईटी द्या, दिव्यांग कोट्याच्या पाच टक्के जागा आहेत, मेकॅनिकल बघा. पॉलिटेक्निकही वाईट नाही. आणि एक वाट नागपुरात फारशी कुणाला ठाऊक नसते : कृत्रिम पाय, कॅलिपर बनवण्याची पदवी, प्रॉस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स. मुंबईला हाजी अलीच्या केंद्र सरकारी पुनर्वसन संस्थेत हा अभ्यासक्रम आहे. त्याला बारावी सायन्स लागतं, म्हणजे जे तुम्ही सोडायला निघालात तेच. ज्यानं नऊ वर्षं कॅलिपर घातलंय, त्याला ते कुठे टोचतं हे शिकवावं लागणार नाही.

आणि खेळ? त्याला हवा असेल तर जरूर. पॅरिसमध्ये हातात व्यंग असलेल्यांच्या एफ-४६ गोळाफेकीत रौप्य मिळवणारा आपला सांगली जिल्ह्यातला सचिन खिलारी मेकॅनिकल इंजिनिअरच आहे. परीक्षा झाली की मानकापूरच्या क्रीडा संकुलात जाऊन चौकशी करा, देशातलं वर्गीकरण आधी होऊ द्या, आठवड्यातून तीन दिवस फेकू द्या, खांदा बरा झाल्यावर आणि एक किलोची. प्रशिक्षक दुसरा कोणीही चालेल, तुम्ही नको. तुम्ही बाप राहा, ती जागा सध्या रिकामी आहे.

पुढचं पत्र त्याचं येऊ द्या. तुम्ही वाचू नका, पाकीट त्यालाच बंद करू द्या. मला त्याला एकच विचारायचंय : चित्रात धरायचा दांडा उजव्या बाजूला काढलाय. म्हणजे तो डावखुरा आहे, की वेल्डरच्या दुकानात पाइप तिकडूनच वाकवता येत होता?