आत्महत्या करणाऱ्यांत सर्वांत जास्त विद्यार्थीच असतात का?

नाही. इंदूरला राहणाऱ्याला तसं वाटणं साहजिक आहे. भंवरकुआंकडे कोचिंगचे फलक आणि होस्टेलं एकमेकांना खेटून उभी आहेत, आणि तिथली वाईट बातमी संध्याकाळपर्यंत घरोघरी पोहोचते.

पण राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातल्या १,७०,९२४ आत्महत्या आहेत. त्यांत विद्यार्थी ७.६ टक्के, तर रोजंदारीवरचे मजूर तब्बल २६.४ टक्के. सकाळी डबा नि थापी घेऊन चौकात कामाची वाट बघत उभे असतात ना, तीच ही माणसं. त्यांच्यासाठी कुठल्या शाळेत समुपदेशक नेमला जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं. गृहिणी १४.८ टक्के, त्यांच्याबद्दल तर आपण बोलतच नाही. एकूण मृतांत पुरुष सत्तर टक्क्यांहून जास्त. नोंदलेल्या कारणांत कौटुंबिक प्रश्न पहिले, मग आजारपण. परीक्षेतलं अपयश बरंच खाली. अर्थात नोंदीत एकच कारण लिहिलं जातं, माणसाच्या मागे चार असतात.

आणि हे फक्त मृत्यू. स्वतःला इजा करून वाचलेल्यांची मोजदाद यात नाहीच. पोलिसांच्या धास्तीने घरचे दवाखान्यात 'पडला' म्हणून सांगतात. तसं करू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरतात, त्याला शिक्षा होत नाही.

मनात असे विचार येत असतील तर १४४१६ वर, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, आत्ताच फोन करा. मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.